‘तू तिकडचीच ना?’ : एका नवख्या आर्किटेक्टचं प्रकरण

हे प्रकरण जिचं आहे तिने ते वाचलं आहे आणि दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं आहे. ऑफिसचं नाव, गावाचं नाव, ज्या संस्थेसाठी इमारत बांधली तिचं नाव यात नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी वऱ्हाडात वीस-बावीस वर्षं एक लहानसं ऑफिस चालवतो. शिकत असताना ती प्रॅक्टिकल ट्रेनिंगला माझ्याकडे होती, त्यामुळे पुढेही काही अडलं की फोन मलाच यायचा. म्हणजे मी यात तटस्थ नाही. एका ठिकाणी तर चूक सरळसरळ माझी आहे.

पार्श्वभूमी

ती वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. घरी साडेसहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर, अलीकडे सोयाबीन. बारावीनंतर आर्किटेक्चरच्या प्रवेशाची ‘नाटा’ परीक्षा दिली आणि नागपूरला पाच वर्षं बी.आर्क. केलं. शेवटच्या वर्षी तिने अकरा ऑफिसांना पोर्टफोलिओ पाठवला. तिघांनी उत्तर दिलं. त्यातलं एक मुंबईतलं इतकं नावाजलेलं ऑफिस होतं, की त्यांच्या इमारतींचे प्लॅन आम्ही कॉलेजात ट्रेसिंगवर उतरवून काढायचो.

पगार बावीस हजार. त्यातले निम्मे तिघींत मिळून घेतलेल्या खोलीच्या भाड्यात आणि डब्यात जायचे. गावात तिच्या काकांनी हिशेब लावला, “पाच वर्सं शिकून बावीस हजार? तलाठ्याले याच्यापरीस जास्त भेटते!” काकांचं गणित चूक नव्हतं. पण या धंद्यात सुरुवातीला नावासाठी राबायची रीत जुनी आहे. पुण्यात जन्मलेले आणि २०१८ साली प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सर्वात मानाचा समजला जाणारा पुरस्कार, मिळालेले बाळकृष्ण दोशी १९५१ मध्ये पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात गेले, तेव्हा पहिले आठ महिने त्यांनी बिनपगारी काम केलं. ही गोष्ट आमच्या कॉलेजांत दंतकथेसारखी सांगतात. ऐकणारा त्यातून काय घेतो? पगार मागणं म्हणजे निष्ठा कमी असणं. २०१९ साली लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीच्या पॅव्हिलियनवर बिनपगारी इंटर्न राबणार असल्याचा बोभाटा झाला आणि गॅलरीला सगळ्यांना पैसे द्यायला लावावं लागलं, ती गोष्ट मात्र वर्गात कोणी सांगत नाही. आपल्याकडे आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या १९८९ च्या व्यावसायिक आचारनियमांतही कर्मचाऱ्यांना योग्य मोबदला द्यावा, त्यांच्या वाढीला वाव द्यावा, त्यांचं योगदान मानावं असं लिहिलेलं आहे. ते कलम मी स्वतःच ऑफिस काढून सात वर्षं झाल्यावर वाचलं.

पहिलं वर्ष तिने टॉयलेट आणि जिने काढले. हे मी चिडून सांगत नाही. टॉयलेटच्या शीटमध्ये उतार, टाइलचा सांधा, ट्रॅपची जागा, दाराची उघडझाप सगळं एका चौकटीत बसवावं लागतं, आणि ज्याला ते जमलं त्याला पुढचं जमतं. उंबऱ्याचा १:५ चा डिटेल कसा काढायचा, लाल पेनाने तपासलेली शीट परत आली की आधी काय पाहायचं, हे ती तिथेच शिकली. माझ्याकडे दहा वर्षं राहिली असती तरी मी तिला ते शिकवू शकलो नसतो. ऑफिसचं नाव फुकाचं नव्हतं. मात्र तिथली उतरंडही तितकीच पक्की होती. सर, म्हणजे ऑफिसचे प्रमुख, स्केच करायचे, असोसिएट ते उतरवून घ्यायचा, त्याच्या हाताखाली प्रोजेक्ट आर्किटेक्ट, आणि सगळ्यात खाली ही. सरांशी ती पहिल्या चौदा महिन्यांत दोनदा बोलली. त्यातलं एकदा लिफ्टमध्ये.

मग यवतमाळ जिल्ह्यातलं काम आलं. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून मुलींसाठी निवासी प्रशिक्षण केंद्र बांधायचं होतं. जागा नऊ एकर, वर डांबरी रस्ता, खाली नाला, नाल्याच्या काठाने पळसाची रांग. असोसिएट तिच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “तू तिकडचीच ना?”

तिला आनंद झाला. कोणालाही झाला असता.

प्रश्न कसा उभा राहिला

डिझाइन देखणं होतं. उघड्या विटांच्या भिंती, मधे अंगण, पश्चिमेला जाळी, खोल सज्जे. प्रेझेंटेशनच्या तिसऱ्या स्लाइडवर प्रेरणा म्हणून सेवाग्रामच्या बापूकुटीचा फोटो होता. तिथे ती शाळेच्या सहलीला डबा घेऊन तीनदा जाऊन आली होती. हे तिने ऑफिसात सांगितलं, सगळे हसले, स्लाइड पुढे गेली.

आता जमिनीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं. माती परीक्षण आदल्या ऑगस्टमध्ये झालं होतं. ऐन पावसात माती तपासायला भोकं पाडणारं बोअरचं मशीन खालच्या वावरात उतरेना, चिखलात रुतायला लागलं. म्हणून तिन्ही बोअर रस्त्याकडच्या चढावर घेतले. तिथे सव्वा मीटरवर चांगला घट्ट मुरूम लागला. अहवालात तसं आलं आणि त्यावरून स्ट्रक्चरल सल्लागारांनी दीड मीटर खोलीचे साधे फुटिंग, म्हणजे खांबांखालचे रुंद पाये, दिले. अहवाल बरोबर, फुटिंगही बरोबर. पण ऑक्टोबरमध्ये सर पहिल्यांदा साइटवर गेले, त्यांना पळस आवडले, आणि इमारत साधारण साठ मीटर खाली, नाल्याच्या बाजूला सरकली. मास्टर प्लॅन बदलला. माती अहवाल सर्व्हरवर ज्या फोल्डरात होता तिथेच राहिला.

मे महिन्यात ती पहिल्यांदा साइटवर गेली. विदर्भ एक्सप्रेसने धामणगाव, तिथून एसटीने यवतमाळ, पुढे ठेकेदाराच्या गाडीने. पारा चव्वेचाळीसच्या पुढे होता. लेआउटची चुन्याची फक्की मारून झाली होती. मुख्य मिस्त्री साठीचे, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेले. तासभर ते तिला ‘म्याडम’ म्हणत होते. तिने मजुरांना पाणी कुठून आणता म्हणून विचारलं, आणि बोलण्याचा ढंग ऐकून मिस्त्री थांबले. “कोनत्या गावच्या जी तुमी?” तिने सांगितलं. मग ‘म्याडम’ची ‘बाई’ झाली.

मिस्त्रींनी तिला फक्कीच्या रेघेपाशी नेलं. जमीन मे महिन्यात उकलते तशी उकललेली होती, तळहात सहज जाईल एवढी भेग. त्यांनी दहा एमएमच्या सळईचा तुकडा उचलला आणि भेगेत सोडला. जोर न लावता सळई आत गेली. जमिनीलगत अंगठा धरून त्यांनी ती वर काढली आणि टेप लावली. एकतीस इंच.

“इथं माती पुरुसभर हाये बाई. तुमच्या सायबानं पाह्यली का थे जागा?”

पुरुस म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढी खोली. विहिरी मोजायचं आपलं माप.

त्या रात्री तिने घरी फोन केला. वडिलांना पायातलं, फुटिंगमधलं काही कळत नाही. जागेचं वर्णन ऐकून त्यांनी एकच विचारलं, “थ्या वावरात हरभरा होत होता का वं?” दुसऱ्या दिवशी तिने चौकशी केली. जमिनीचा आधीचा मालक वरच्या पट्टीत ज्वारी नि तीळ घ्यायचा, आणि खालच्या पट्टीत रब्बीला हरभरा. बिनओलिताचा. वडील म्हणाले, “बिनापान्याचा हरभरा होते म्हनजे माती लय खोल हाये.” ओल धरून ठेवणारी भारी जमीन असल्याशिवाय पावसाळा संपल्यावर पाणी न देता हरभरा येत नाही. बोअरच्या मशीनला जे कळलं नाही ते पिकाने आधीच सांगून ठेवलं होतं. विचारलं मात्र कोणी नव्हतं.

ज्यांचा काळ्या मातीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. इमारतीच्या कडेखालची माती पावसाळा-उन्हाळ्यात जास्त हलते, मधली कमी. त्यामुळे भिंतींना ताण बसतो आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती मातीच्या, वर कवेलू. ती थोडी हलली तर बाया सारवून घ्यायच्या, विषय मिटायचा. उघड्या विटांच्या भिंतीला सारवता येत नाही. तिथे गेलेली भेग कायम दिसत राहते. बापूकुटीचा फोटो लावणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेतला नव्हता.

पहिला निर्णय : बोलायचं की लिहायचं

मे महिन्यातच तिने मला फोन केला होता. सळई, हरभरा, सगळं सांगितलं आणि विचारलं, “दादा, मेल करू का?”

मी म्हणालो, “आधी फोनवर सांग. लिहायची घाई नको करू. नवी आहेस, वर चढून बोलते असं वाटायला नको.”

चूक म्हणालो ती ही. बऱ्याच मोठ्या माणसांचा मान सांभाळत मी धंदा केला आहे. ती सवय मी तिच्या गळ्यात मारली.

तिने असोसिएटला फोन केला. तो दुसऱ्या एका डिझाइन-स्पर्धेच्या शीट्समध्ये बुडालेला होता. “माती अहवाल आहे आपल्याकडे, स्ट्रक्चरलवाले पाहतात ते,” म्हणाला. फोन दोन मिनिटांचा. ती मुंबईला परतली आणि पुन्हा जिन्याच्या शीटला लागली. हरभऱ्याची गोष्ट तिने त्याला सांगितलीच नाही. मी नंतर विचारलं, का नाही सांगितली? म्हणाली, “तिथे काचेच्या टेबलाशी बसून हरभरा म्हणायला कसंतरी वाटलं.”

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त सलतं ते हे वाक्य. तिला निवडलं होतं ती तिकडची म्हणून, पण तिकडचं जे तिच्याजवळ होतं ते ती स्वतःच ऑफिसच्या दाराबाहेर चपलांसोबत काढून ठेवत होती. आणि ऑफिसला तिच्याकडून हवं होतं फक्त दुभाष्याचं काम.

दुसरा निर्णय : खड्डे उघडे, पीसीसी दोन दिवसांवर

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या तोंडावर, ती दुसऱ्यांदा साइटवर गेली. जेसीबीने पायाचं खोदकाम झालं होतं. दीड मीटरचा तळ काळाभोर. एकाही खड्ड्यात मुरमाचा पिवळसर रंग नाही. ठेकेदार यवतमाळचा, हुशार माणूस. त्यालाही दिसत होतंच. पण पाऊस यायच्या आत पीसीसी, म्हणजे तळावरचा साध्या काँक्रीटचा थर, झाली नाही तर उघड्या खड्ड्यांची तळी होतील, ही त्याची काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. तो म्हणाला, “मॅडम, थांबवा म्हनत असान तर मी थांबवतो. पन मले लिहून द्या.”

लिहून द्यायचा अधिकार तिला नव्हता.

तिच्यापुढे जे रस्ते होते ते तिने त्या रात्री मला फोनवर एकेक करून सांगितले. काहीच न बोलता काम होऊ द्यायचं. नकाशावर सही तिची नव्हती, कायद्याने तिच्यावर काही आलं नसतं. ठेकेदाराला तोंडी थांबवायचं. मग नुकसानभरपाईचा प्रश्न निघाला की ‘मॅडमनी सांगितलं’ एवढंच उरलं असतं. संस्थेच्या विश्वस्तांशी थेट बोलायचं. त्यातले एक साइटवर रोज संध्याकाळी चक्कर मारायचे, बोलणं सोपं होतं. पण ऑफिसला वगळून क्लायंटकडे जाणं म्हणजे नोकरी सोडल्यातच जमा, आणि ऑफिसला स्वतःची चूक सुधारायची संधीही मिळाली नसती. की पुन्हा असोसिएटला फोन?

या वेळी मी म्हणालो, “आता लिही. पण मत लिहू नको. मोजमाप लिही.”

पुढचं तिचं तिने केलं आणि मला ते फार आवडलं. तिने काम थांबवलं नाही, कामाचा क्रम बदलला. ठेकेदाराला म्हणाली, सळई वाकवणं आणि कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे ठोकळे) आधी उरकून घ्या, पीसीसी परवा सकाळी मारा. त्याचे मजूर बसून राहणार नव्हते, तो लगेच तयार झाला. मिळालेल्या दिवसात तिने त्याच जेसीबीने इमारतीच्या तीन कोपऱ्यांजवळ चाचणी खड्डे घेतले. पहिल्यात ३.१ मीटरवर मुरूम लागला, दुसऱ्यात २.४ वर. तिसऱ्यात, नाल्याच्या अंगाला, ३.६ मीटरपर्यंत काळीच माती येत राहिली आणि जेसीबीचा हात संपला. प्रत्येक खड्ड्यात टेप सोडून, टेपचे आकडे दिसतील असा फोटो. मिस्त्रींनी टेपचं खालचं टोक धरलं होतं, त्यांचा दुपट्टा तिन्ही फोटोंत आहे.

मातीचा नमुना घेऊन ती माझ्या ओळखीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये गेली. माती किती फुगते हे पाहायच्या फ्री स्वेल चाचणीला फार यंत्रसामग्री लागत नाही. भट्टीत सुकवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी ओतायचं, एकात रॉकेल, आणि चोवीस तास ठेवून द्यायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या पात्रात माती ११ मिलीच्या रेघेवर होती, पाण्याच्या पात्रात २० च्या. म्हणजे फुगवटा ८२ टक्क्यांच्या आसपास. पन्नासच्या वर गेला की सावध व्हायचं, असं आपण धरतो.

चाचणीचा निकाल यायच्या आधीच तिने मेल पाठवला होता. इंग्रजीत सहा ओळी. तीन खड्ड्यांची खोली, नकाशावर त्यांच्या जागा, फोटो. फुटिंगची सध्याची खोली. माती अहवालातले बोअर सध्याच्या इमारतीपासून सुमारे साठ मीटर दूर आहेत ही नोंद. स्ट्रक्चरल सल्लागारांनी पाहावं ही विनंती. आणि शेवटची ओळ : पीसीसी परवा सकाळी आठला आहे.

मी तिला म्हणालो, तुझ्या मेलमधली सगळ्यात कामाची ओळ ती शेवटची. मोठ्या ऑफिसात गंभीर मेल उद्यावर जातात. आठ वाजताचा मेल जात नाही.

मेल असोसिएटला, सरांना, आणि स्ट्रक्चरल सल्लागारांना थेट. ऑफिसची रीत अशी की सल्लागारांशी पत्रव्यवहार असोसिएटमार्फत. ती रीत तिने मोडली.

पुढे काय घडलं

चाळीस मिनिटांत सल्लागारांचा फोन आला. “पीसीसी होऊ देऊ नका, लेखी पाठवतो.” तासाभरात लेखी आलं. त्यानंतर असोसिएटचा फोन : “हे मला आधी सांगायला हवं होतं तू.” तिने सांगितलं होतं. पण कागदावर ते कुठेच नव्हतं, माझ्या कृपेने.

चार दिवसांनी मुंबईत बैठक झाली. इमारत पुन्हा वर, मुरमावर न्यावी हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण भूमिपूजन खालच्या जागेवर झालेलं, पाहुण्यांच्या नावाची कोनशिलाही बसलेली, आणि पळसाचं अंगण म्हणजे सरांच्या दृष्टीने सगळ्या डिझाइनचा गाभा. दुसरा पर्याय काळी माती काढून मुरमाचा न फुगणारा थर घालायचा. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आलेली ही पद्धत आपल्याकडे कालव्यांसाठी बरीच वापरली गेली आहे. पण इथे तीन-साडेतीन मीटर खोदायचं, तेही नाल्याशेजारी, पावसाळ्यात. तिसरा पर्याय अंडर-रीम्ड पाइलचा. रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केलेली ही पद्धत : बारीक, खोल पाइल (जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब), खाली दांड्याच्या अडीच पट रुंदीचा फुगीर गड्डा, आणि वर प्लिंथ बीम (जोत्याची तुळई) जमिनीला न टेकता खाली आठ सेंटिमीटरची पोकळी ठेवून. माती फुगली तरी बीमला ढकलत नाही.

पाइल ठरले. गाव सोडून शिकायला गेलेल्या माझ्यासारख्याला हेही माहीत होतं की वीस वर्षांपूर्वी आपल्याकडच्या कितीतरी शाळांचे पाये असे व्हायला हवे होते, पण तो विषय वेगळा.

त्याच बैठकीत तिसरा निर्णय तिच्यावर येऊन पडला, आणि तोही अर्ध्या मिनिटात घ्यायचा होता. सरांनी तिला विचारलं, “मे महिन्यात तू गेलीस तेव्हा हे दिसलं नव्हतं?” असोसिएट समोर बसला होता. ती म्हणाली, “दिसलं होतं. मी लिहायला हवं होतं.”

असोसिएट काही बोलला नाही.

मला ते उत्तर पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. खरं ते अर्धंच सांगितलं. ती म्हणते, “दादा, मी फोन केला होता असं म्हटलं असतं तर बैठक मातीची राहिली नसती, माझी नि त्याची झाली असती.” तेही खरं. यावर आमचं एकमत नाही, आणि मी तिची बाजूही इथे मांडावी अशी तिची अट होती.

पाऊस संपून वावर सुकेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. पाइलची टोळी नागपूरहून आली, हाताने फिरवायच्या ऑगरने (मोठ्या गिरमिटाने) भोकं पाडली. पायाचा खर्च मूळ अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला. केंद्र जूनमध्ये सुरू व्हायचं ते पुढच्या जानेवारीत झालं, म्हणजे मुलींची एक बॅच हुकली. साठ मीटरची सरकवासरकव झाली तेव्हाच, ऑक्टोबरमध्ये, खालच्या पट्टीत एक बोअर घेतला असता तर वेळ आणि बराचसा खर्च दोन्ही वाचलं असतं.

तिच्यापुरतं म्हणायचं तर पुढचे दोन महिने असोसिएट तिच्याशी कामापुरतंच बोलला आणि तिला दुसऱ्या एका कामाच्या टॉयलेट शीट्स मिळाल्या. नोव्हेंबरमध्ये, काहीही न बोलता, त्यानेच तिचं नाव साइटच्या टीममध्ये परत घातलं. ऑफिसात एक बदलही झाला : पायाच्या प्रत्येक शीटवर बोअरच्या जागा करड्या रंगात दाखवायच्या. तो नियम कोणामुळे आला हे नव्या मुलांना कोणी सांगत नसावं.

इमारत एका मासिकात छापून आली. टीमच्या यादीत नऊ नावं, तिचं आठवं. आडनावातलं एक अक्षर चुकलेलं. लेखात पळसाबद्दल दोन परिच्छेद आहेत, पायाबद्दल एकही ओळ नाही. ते तसंच असतं; चांगला पाया फोटोत येत नाही.

दोन वर्षं दहा महिन्यांनी तिने ते ऑफिस सोडलं. भांडून नाही. अनुभवाचं पत्र मिळालं, आणि त्या पत्रावरच्या नावाने नागपुरातली पुढची नोकरी मिळाली. काकांना अजून तलाठीच बरा वाटतो.

काय वेगळं करता आलं असतं

आम्ही दोघांनी नंतर बसून हे सगळं उकरून काढलं. माझ्या घरी, चहा आणि तर्री-पोह्यांवर.

मे महिन्यातच चार ओळींचं साइट टिपण पाठवायला हवं होतं. तक्रार म्हणून नाही, रोजच्या नोंदीसारखं : तारीख, काय पाहिलं, एक फोटो, एक प्रश्न. असं टिपण पहिल्या भेटीपासून जात असतं तर त्यातली सळईची नोंद कोणाला आगाऊपणा वाटली नसती. पहिल्यांदाच लिहिलं आणि तेच नेमकं गंभीर असलं की ते आरोपासारखं वाचलं जातं. आज माझ्याकडे जी मुलं ट्रेनिंगला येतात त्यांना मी पहिल्या दिवसापासून हे टिपण लिहायला लावतो. निदान त्यांना तरी माझा जुना सल्ला मिळू नये.

साइटवर निघण्याआधी तिने माती अहवाल मागून घेऊन बोअरच्या जागा नव्या प्लॅनवर ठेवून पाहिल्या असत्या तर मिस्त्रींची गरजच पडली नसती. ऑटोकॅडमध्ये पाच मिनिटांचं काम. पण ज्युनिअरने अहवाल मागायचे नसतात, असं तिला वाटायचं. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. तिने ते हवेतून उचललं होतं, जसं आपण सगळेच उचलतो.

जूनच्या मेलबद्दल माझं म्हणणं, असोसिएटला दहा मिनिटं आधी फोन करून “मी सल्लागारांनाही पाठवतेय” एवढं सांगायला हवं होतं. रीत मोडायची तर सांगून मोडावी. ती म्हणते, सांगितलं असतं तर त्याने थांब म्हटलं असतं, आणि मग ते मोडून पाठवायची तिची हिंमत झाली नसती. याला माझ्याकडे उत्तर नाही.

असोसिएटला मी फार दोष देत नाही. स्पर्धेआधीच्या तीन रात्री न झोपलेल्या माणसाला साइटवरून आलेला फोन ऐकूच येत नाही. दोष त्या घडीचा, आणि अशा घड्या रोजच्या करून टाकणाऱ्या ऑफिसांचा. सरांनी मात्र पळस पाहिले त्या दिवशी बरोबरच्या माणसाला विचारायला हवं होतं की इथे काय पेरत होते.

गेल्या मे महिन्यात तिला मिस्त्रींचा फोन आला. इमारतीला तीन उन्हाळ्यांत भेग नाही. पण संस्थेने नंतर आपल्याच खर्चाने, दोन फूट पायावर, नाल्याच्या बाजूने विटांचं कंपाउंड घालून घेतलं होतं.

“बाई, कंपाउंड फाटला जी.”

तिने ते ऑफिस सोडून बरेच दिवस झाले होते. तिचा आता त्या इमारतीशी काही संबंध नव्हता.

“टेप लावून फोटो पाठवा काका,” ती म्हणाली.